हबीब मिस्त्रींचे कान

हबीब मिस्त्री आमच्या अंगणात आले की आधी माझ्या चुका काढायचे, मग जनरेटरच्या. जनरेटरवरची गोधडी दोन बोटांनी उचलून, मेलेला उंदीर धरावा तशी लांब धरायचे आणि म्हणायचे, "चतुराबाई, मशीनला थंडी वाजत नाय."

दर उन्हाळ्याच्या तोंडी आमचा हाच संवाद. धूळ बसू नये म्हणून मी गोधडी घालायची, दसऱ्याला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायची, आणि वीज असली की महिनोन्महिने त्याला सुरूही करायची नाही. देवासारखं जपल्यावर ते देवासारखंच गप्प बसायचं. हबीबभाईंचं म्हणणं होतं की दर आठवड्याला थोडा वेळ तरी चालवा, तेही रिकामं नको. घरघंटी लावा, दळण काढा, त्याला काम मिळू द्या. मी हो म्हणायची आणि विसरायची.

त्यांचं घर शहराच्या छावणी भागात. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुलताबादपासून पिशोरपर्यंतचे जनरेटर दुरुस्तीला येऊन पडलेले असत. बंगल्यातले, दवाखान्यातले, मंडपवाल्यांचे. माणूस तोंडानं फटकळ, पण हाताचा फार हळुवार. आल्याबरोबर नट खोलायला बसणाऱ्यांतले ते नव्हते. मशीन सुरू करायचं, बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं, लांब दांडीच्या पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून बराच वेळ ऐकायचे. आधी ऐकायचं, मग उघडायचं, ही त्यांची रीत होती.

त्या वर्षी भारनियमनानं जीव नकोसा केला होता. पडेगावच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत मी उबवणीची पेटी मांडली होती. गावरान कोंबडीची अंडी, माझी पहिलीच खेप. घरातल्यांनी ही थेरं म्हणून नाकं मुरडली होती, त्यामुळे मी इरेला पेटले होते. वीज गेली की जनरेटर लावायचा, पेटीतला दिवा विझू द्यायचा नाही. पण मशीनमधून चक चक असा बारीक आवाज यायला लागला, म्हणून हबीबभाईंना बोलावलं.

त्यांनी पेचकस लावला, ऐकलं आणि म्हणाले, "एकदम ठणठणीत हाय."

"अहो, चकचक वाजतंय की."

"काय नाय वाजत," ते एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारची वच्छलाबाई कुंपणापाशी आली. मी पाठीमागून चहाचं विचारलं, तर उत्तर नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला मिजास चढली.

दोन-चार दिवसांतच, भर दुपारी, वीज नसताना जनरेटरनं खाडकन आवाज केला आणि तो बंद पडला. फोन लावला तर हबीबभाई उचलेनात. पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस राहिले होते. माझा पारा असा चढला की मी रिक्षा करून थेट छावणी गाठली.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. रईसाभाभींशी माझी सलाम-दुव्यापुरतीच ओळख. मी दारातच तोंड सोडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हाताचं पीठ ओढणीला पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "उनकू सुनाई नै देता, बाई. मोटा आवाज आता, बारीक नै आता. किसीकू बोले नै. आज सुबेसे बोल रहे, दुकान बंद करताऊं."

मागे हबीबभाई खाटेवर बसले होते. आम्ही काय बोलतोय ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. आयुष्य इंजिनांपाशी काढलं आणि इंजिनांनीच कान खाल्ले. मला फार वाईट वाटलं. पण अंडी गार होत होती, म्हणून मी जोरात म्हणाले, "दुकान उद्या बंद करा. आज माझं मशीन सुरू करून द्या."

रईसाभाभींनी तव्याखालचा गॅस बंद केला आणि चपला घातल्या. "मैं भी आतूं," म्हणाल्या.

दोघं स्कूटरवर माझ्या रिक्षामागोमाग आली. हबीबभाईंनी आधी माझ्या हातात गोधडी कोंबली. "ही पेटीवर टाका. आज हिचं काम हाय." मग इंजिन निवेपर्यंत थांबले आणि वरचं झाकण खोललं. टॅपेटचा नट ढिला होऊन दांडी जागेवरून निसटली होती. इंजिनातल्या व्हॉल्व्हला धक्का देणारा भाग तो टॅपेट, आणि तोच इतके दिवस चकचक वाजत होता.

"तवाच ऐकू आलं असतं तर नट आवळून भागलं असतं," ते म्हणाले. दांडी बसवली, फटीत पत्र्याची पातळ पट्टी घालून नट आवळला. मग पेचकस माझ्यापुढे धरला. "हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. जुन्या मशीनला पट्टी पुरत नाय, शेवटचं कानानंच बसवावं लागतं. ते मला आता व्हनार नाय."

पेचकस रईसाभाभींनी घेतला.

"तुमारी मशीनां सारी उमर मेरे चुल्हे के सामने बजी," त्या म्हणाल्या. "मेरेकू नै समजता क्या?" हबीबभाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग मशीन सुरू करायची खूण केली, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ ओढणीवरूनच कानाला लावली. दुसऱ्या हाताचं बोट हबीबभाईंच्या खांद्यावर वाजायला लागलं. टक, टक, टक. इंजिनातून जे ऐकू येत होतं, तेच त्या त्यांच्या खांद्यावर वाजवत होत्या.

हबीबभाईंनी चमकून वर पाहिलं. मशीन बंद केलं, नट पुन्हा सैल करून जरासा फिरवला, आवळला, पुन्हा सुरू केलं. बोट वाजलं, पण हलकं. आणखी एकदा तेच केलं. या वेळी बोट नुसतं खांद्यावर टेकून राहिलं.

"बस," भाभी म्हणाल्या.

वायर जोडली आणि मागच्या खोलीत पेटीतला दिवा लागला. हबीबभाईंनी डोळे पुसले आणि पेट्रोलचा वास लई उग्र हाय म्हणून सांगितलं. पेट्रोलची टाकी बंद होती, पण मी वाद घातला नाही.

दुकान काही बंद झालं नाही. आठवड्याभरानं दोघं मशीन तपासायला आली, तर मीच त्यांना आधी मागच्या खोलीत ओढत नेलं. काही अंडी गेली होती, पण बरीच टिकली होती. एकाला चीर पडली होती, दोन पिल्लं बाहेर येऊन पंख वाळवत होती, आणि बाकीची कवचाच्या आतूनच चिवचिवत होती.

हबीबभाई पेटीवर वाकले. हा असला बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात रईसाभाभींनी त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं. टकटक टकटक, इतकं भराभर, की एका बोटाला जमेना म्हणून त्यांनी दोन लावली.

त्यांच्या हिशेबात टकटक म्हणजे बिघाड. ती थांबेपर्यंत नट फिरवायचा. हबीबभाई पिल्लांकडे बघत नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "इसकू बंद नक्को करना. बजने दो."