नगरच्या स्टँडवर अंथरलेली गोधडी

देवावरचा विश्वास एका दिवसात जात नाही. तो हळूहळू विरत जातो. मी पोटुशी असतानाच आई गेली, आणि त्या धक्क्यातून सावरायच्या आत मुक्ता दिवस भरण्याआधीच जन्मली. दवाखान्यात काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवलेला तो इवला जीव मी बाहेर उभी राहून बघायचे आणि मोहट्याच्या देवीला हाक मारायचे. मुक्ता वाचली, पण मनात आनंदाऐवजी भीतीच घर करून बसली. घरी आल्यावर मी देवघरात दिवा लावणं सोडलं. ज्या देवीनं आईला नेलं, ती लेकीला कशावरून ठेवील, असं वाटायचं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही.

बाळंतपणाची रजा संपली आणि लिपिक म्हणून माझी कर्जतच्या शाळेत बदली झाली. यजमान सुप्याच्या कारखान्यात, त्यात सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांना पारनेर सोडता येईना. मी लेकीला घेऊन एकटीनं कर्जतला राहायचं आणि दिवसा तिला पाळणाघरात ठेवायचं ठरलं. पाळणाघरातल्या ताईंनी फोनवर सांगितलं होतं, "बाळाचं अंथरूण-पांघरूण तेवढं घरचं आणा. वास ओळखीचा असला की मुलं लवकर रुळतात."

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या अंथरुणाची बॅग किती वेळा भरली आणि उपसली, याला हिशेब नाही. खाली रबरी कापड, त्यावर बाळोती, मग दुपटी, राईची उशी, कोपऱ्यात मच्छरदाणी. सगळ्यात वर आईनं शिवलेली गोधडी. तिच्या दोन जुन्या लुगड्यांची होती ती. शेवटचे टाके घालताना तिचे हात कापत होते, म्हणून एका बाजूची शिवण वाकडी गेली होती. मुक्ता त्या गोधडीशिवाय निजत नसे. "पुरे आता, फाटेल ती बॅग," यजमान म्हणाले. मला मात्र वाटत होतं, काही राहून गेलं तर तेवढ्यावरून काहीतरी वाईट होईल.

सकाळी उशिरा त्यांनी आम्हाला पारनेरहून गाडीत बसवून दिलं. गाडी नगरमार्गे पुढे शेवगावला जाणारी होती, मला नगरला उतरून कर्जतची गाडी धरायची होती. नगरच्या स्टँडवर ही गर्दी. खांद्यावर झोपलेली मुक्ता, एका हातात कपड्यांची बॅग. मागून लोक ढकलत होते, तशी मी खाली उतरले. फलाटावर येऊन बाकावर टेकले आणि तेव्हा लक्षात आलं. अंथरुणाची बॅग वरच्या फळीवरच राहिली होती. धावत मागे गेले तर गाडी निघून गेलेली. चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी शेवगावला फोन लावला, "सापडली तर ठेवून घेतील, बाई," म्हणाले. त्यांच्या आवाजावरूनच मी काय ते समजले.

तेवढ्यात मुक्ता जागी झाली आणि रडू लागली. उन्हाळ्याची दुपार, पत्र्याखाली नुसती धग. ती दूध घेईना. खांद्यावर राहीना, मांडीवर राहीना. रडून रडून तिचा चेहरा लालबुंद झाला, आणि मला पुन्हा ती काचेची पेटी दिसायला लागली. माझेही डोळे वाहत होते. मनात देवीला म्हणाले, आईची तेवढी एक खूण उरली होती, तीही नेलीस. आता आणखी काय हवंय तुला?

"लई वेळ झाला रडतंय लेकरू. खाली निजव की जरा."

शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"काय अंथरू, मावशी? तिचं सगळं अंथरूण गाडीतच राहिलं," मी म्हणाले आणि मला हुंदका आवरेना.

त्यांनी मांडीवरचं गाठोडं जवळ ओढलं. मग सावकाश गाठ सोडली. आत लहान बाळाची गोधडी होती, मऊ धुतलेली दुपटी होती, राईची उशी होती, आणि वर एक लाल टोपडं.

"नवी हाय," गोधडीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "यावर कुनी निजलं न्हाई अजून."

मी हात पुढे केला, तशी त्यांनी मला थांबवलं. "आधी ऐक पोरी. तुला सांगितल्याबिगर द्यायची न्हाई मी. सुनंला दिवस हुते. दिस पुरे भरले हुते. पर लेकरू जल्मलं ते रडलंच न्हाई. आमी वाट बघतोय, आत्ता रडंल, मग रडंल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "घरात ही कापडं बघितली की सून जेवत न्हाई. म्हनून देवीच्या पायाशी ठिवायला मोहट्याला निघाले. तुला अपशकुन वाटत आसंल तर नगं घेऊ. मी रागवायची न्हाई."

खरं सांगते, मला वाटलं अपशकुन. ज्या भीतीपासून मी लेकीला लपवत फिरत होते, ती जणू गोधडी होऊन समोर आली होती. मी मुक्ताला छातीशी घट्ट धरलं. ती आणखी जोरात रडली.

मावशी तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. "कसं रडतंय बघ," त्या हलकेच म्हणाल्या. "रडू दे गं. रडू दे तिला."

ते ऐकलं आणि माझ्या आतली कसलीशी गाठ सुटली. जे रडणं मला असह्य होत होतं, ते ऐकायला ही बाई आणि तिची सून आसुसल्या होत्या. मी उठले. मावशींनी बाकावर गोधडी अंथरली, मी तिच्यावर मुक्ताला ठेवलं. दोघी दोन बाजूंना बसलो. मावशी पदरानं वारा घालत राहिल्या. मुक्ता आणखी थोडी रडली, हुंदके देत राहिली आणि मूठ तोंडात घालून निजली. ओळखीचा वास नव्हता, आईचं लुगडं नव्हतं, तरी निजली.

मोहट्याकडं जायची पाथर्डीची गाडी लागल्याचं पुकारलं. मावशी जागच्या हलल्या नाहीत. "जाईन मागनं," एवढंच म्हणाल्या.

कर्जतची गाडी आली तेव्हा त्यांनीच सगळं घडी करून गाठोडं माझ्याकडे दिलं. टोपडं तेवढं त्यांनी काढून घेतलं. "हे देवीला. बाकीचं तिनंच हिकडं धाडलं, आसं समज." मी वाकून त्यांच्या पाया पडले. गर्दीत नाव विचारायचं सुचलं नाही.

पाळणाघरात पहिल्या दिवशी मी ते अंथरूण ताईंच्या हाती दिलं, लेक दिली आणि शाळेत गेले. वाटेत पाय अडखळले, पण मी माघारी वळले नाही. आईच्या गोधडीची बॅग पुढे सापडली नाही. तिची आठवण येते तेव्हा रडते. ते दुःख तसंच आहे, पण त्यावरून आता मी देवीशी भांडत नाही.

नवरात्रात आम्ही तिघं मोहट्याला गेलो. गर्दीत माझी नजर हिरवं लुगडं शोधत होती. मावशी भेटल्या नाहीत. देवीसमोर उभी राहिले. वाटलं होतं, लेकीसाठी आयुष्य मागू, आरोग्य मागू. पण मागावंसं काही आठवेना. मावशींच्या सुनेचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, तिच्यासाठी मात्र हात जोडले गेले. ती मावशी कोण होती, तिला कोणी पाठवलं, याचा मी वाद घालत नाही. माझ्या भीतीपेक्षा मोठा एक हात आहे आणि तो परक्या बाईच्या पदराआडूनही पुढे येतो, एवढं मला कळलं आहे.

बाहेर आवारात आल्यावर मुक्ता खाली उतरायला धडपडू लागली. एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी सोडलं. ती रांगत रांगत अनोळखी बायकांच्या घोळक्याकडे निघाली. यजमान पुढे होणार, तोच मी त्यांचा हात धरला. एका बाईचा पदर धरून आमची लेक उभी राहिली, आणि मी होते तिथंच हात जोडून उभी राहिले.