मुहूर्त नसलेल्या दिवसांचे डोंगर

पंचवटीतल्या आमच्या गल्लीतून पहाटे ट्रेकिंगचे बूट घालून बाहेर पडणारा मी बहुधा पहिलाच भिक्षुक असेन. धोतराऐवजी विजार, आणि पोथ्यांच्या पिशवीऐवजी पाठीवर मुलीची जुनी सॅक. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या काकू मोगऱ्याच्या टोपलीवरचं ओलं फडकं काढत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"गुरुजी, आज कुणाकडे?"

"डोंगरावर."

"तिथं कशाची पूजा?"

"कशाची नाही. नुसतंच चढायचं आणि उतरायचं."

त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलेलं नव्हतं.

हे सगळं आमच्या ऋचामुळे. बारावीची परीक्षा देऊन ती मोकळी झाली आणि तिने जाहीर केलं, की पावसाळा संपला की हिमालयात जाऊन गिर्यारोहणाचं महिनाभराचं शिक्षण घ्यायचं. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. रुसण्याऐवजी तिने सौदा मांडला.

"बाबा, या उन्हाळ्यात तीन गड. तुम्हाला आणि आईला मी वर नेते आणि सुखरूप खाली आणते. तिन्ही झाले तर मला जाऊ द्यायचं. एक जरी राहिला तरी मी हा विषय सोडला."

मी लगेच कबूल झालो. वर्षानुवर्षं यजमानांच्या घरची पुरणपोळी खाऊन वाढवलेल्या माझ्या पोटावर माझा पूर्ण विश्वास होता. ते पहिल्याच गडावर मला खाली बसवणार आणि प्रश्न मिटणार. बायको मेधा मात्र पहिल्या दिवसापासून मुलीच्या पक्षात होती.

अडचण एकच, उन्हाळा म्हणजे लग्नसराई. तेव्हा पंचांगात ज्या दिवशी मुहूर्त नाही, तोच आमचा डोंगराचा दिवस ठरला. ज्या दिवशी शहाणा माणूस नवीन काही सुरू करत नाही, नेमकं त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडायचो.

पहिला रामशेज. घरापासून जवळ, चढ बेताचा. तरी अर्ध्या वाटेवर माझ्या तोंडातून मंत्र निघावेत तसे सुस्कारे निघायला लागले. ऋचा पुढे जाऊन थांबायची, पाणी द्यायची, आणि मी बोलायला लागलो की म्हणायची, "बोलू नका, श्वास घ्या." बोलू नका, हे मला सांगणारं माणूस विरळाच. वर पोचून वाऱ्याला पाठ टेकतो न टेकतो तोच यजमानांचा फोन आला. वास्तुशांतीचं सामान विचारत होते. गडाच्या माथ्यावरून मी त्यांना सुपाऱ्या, नारळ, आंब्याचे डहाळे असं सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "गुरुजी, आवाज असा काय येतोय?" मी म्हणालो, "उंचावर आहे."

दुसरा अंजनेरी. इथे मी थोडा तयारीने गेलो होतो, म्हणजे रात्री जेवलो नव्हतो. वाटेत एक म्हातारे बाबा पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकायला बसले होते. काळीभोर, आंबटगोड करवंदं. चिकाने ओठ चिकटले तरी मेधा खायची थांबेना. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोट आवरा म्हाराज," ते म्हणाले, "मंग डोंगर लय सोपा हाय."

मेधा इतकी हसली की तिला ठसका लागला. वर पठारावर तळ्याकाठी आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अंजनीमातेपुढे मी दिवा लावला. मेधा पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुट्टीत आपण तिघं असे कधी बाहेर पडलो नव्हतो." खरंच होतं ते. इतरांच्या सुट्ट्या म्हणजे माझा हंगाम. उतरताना माझी चाल हलकी झाली होती. आपण हरतोय हे दिसत होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती बर्फात, परक्या लोकांत, दोरीला लोंबकळणार, आणि मी इथे संकल्प सोडत बसणार.

तिसरा धोडप. चांदवडच्या रस्त्याने गाडी काढली. शेताशेतांत उन्हाळी कांदा काढून ठेवलेला, काचा खाली केल्या की त्याचा उग्र वास आत यायचा. निघताना ऋचाने बजावलं होतं, "बाबा, आज अत्तर नको." मी सवयीने कानामागे हिन्याचं बोट फिरवलंच. इतक्याशा अत्तराने काय होतंय!

पायथ्याच्या हट्टी गावात एका घरासमोर गाडी लावली. अंगणात कांदे निवडत बसलेल्या मावशींनी तांब्याभर पाणी दिलं. "ऊन चढायच्या आत देवीला भेटून या," त्या म्हणाल्या. वर गुहेत देवी आहे. तिथपर्यंत पोचलं की सौदा पूर्ण.

वाट लांब होती, पण मी चालत राहिलो. दरवाजे ओलांडले, कातळ जवळ आला. देवीची वाट आता समोर दिसत होती. वळणावर कड्याच्या कुशीत शेंदूर लावलेला छोटा मारुती होता. देव दिसला की हात आपोआप सॅकमध्ये जातो. मी बूट काढले, बसलो, उदबत्ती काढली, कापूर ठेवला, काडीपेटी हातात घेतली.

"बाबा, पेटवू नका."

ऋचाचा आवाज हळू होता. मी वर न बघताच म्हणालो, "दोन मिनिटं लागतील."

तिने माझा हात धरला. माझ्या हातातली पूजा आजवर कुणी थांबवलेली नाही. यजमानांनी नाही, वडिलांनीही नाही. संतापाने माझे कान तापले. "देवाच्या कामात तू मध्ये पडू नकोस," मी म्हणालो.

"वर बघा. आवाज न करता."

डोक्यावरच्या कड्याला मधमाश्यांची आग्या मोहोळं लटकत होती. काळी, एकाशेजारी एक, आणि त्यांच्यावरून एक लाट सरकून गेल्यासारखी दिसली. धूर वर गेला असता तर काय झालं असतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात एक माशी कानामागच्या अत्तरावर येऊन बसली आणि डसली. मी किंचाळणार तोच मेधाने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हात झटकू नका," ऋचा म्हणाली. तिने आईची ओढणी माझ्या डोक्यावरून घातली. "बूट हातात घ्या, हळू उठा. मागे फिरायचं."

देवीची वाट त्याच कड्याखालून जात होती. गुहा दिसत होती. मी खूण करून विचारलं, पुढे? तिने मान हलवली. नाही. एकदाच, ठामपणे. मग ती आमच्या मागे राहिली आणि आम्हा दोघांना पुढे घालून शांतपणे खाली घेऊन आली. मारुतीपुढचा कापूर न पेटता तसाच राहिला. देवाच्या दारातून दिवा न लावता मी पहिल्यांदाच परतलो.

हट्टीत मावशींनी माझा कान बघितला आणि कांदा चिरून आणला. ऋचाने नखाने काटा काढला, मावशींनी कांदा चोळला.

"देवी भेटली का?" मावशींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"आता पुढच्या टायमाला. देवी कुठं जात नाय."

ऋचा ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मान खाली. "तिसरा राहिला, बाबा," ती म्हणाली. "ठरलं ते ठरलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात तक्रार नव्हती. गुहा दिसत असताना, हवं ते हातात आलेलं असताना, ती वळली होती.

"तू जाणार आहेस," मी म्हणालो.

"पण तिसरा..."

"तू मला नाही म्हणालीस. पूजेला बसलेल्या बापाला. मग धोका दिसला की तिकडच्या बर्फाच्या डोंगरालाही नाही म्हणशील. मला एवढंच बघायचं होतं, हे माझं मलाच आता कळलं."

मेधाने चिरलेला उरलेला कांदा आणि दशम्या काढल्या आणि आम्ही मावशींच्या ओट्यावर जेवलो.

आता पावसाळा संपत आलाय. ऋचाची सॅक भरून दारात उभी आहे. पूजेला गेलो की यजमान विचारतात, "गुरुजी, एकुलत्या एक पोरीला बर्फात पाठवताय, भीती नाही वाटत?"

मी खरं ते सांगतो. वाटते. ती परत येईपर्यंत मला नीट झोप लागणार नाही. पण मागे कुठे फिरायचं ते तिला कळतं, आणि फिरताना आम्हाला पुढे घालून ती मागे कशी राहिली, ते मी पाहिलंय.