टाकी लावणारी बाई

बुलढाण्याच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात एका दगडावरची झिजलेली लॅटिन ओळ मला तीन रविवार लागत नव्हती. चौथ्या रविवारी छिन्नी-हातोडीनं जात्या-पाट्यांना टाकी लावत हिंडणारी एक बाई पाणी मागायला आली. माझी पंचाईत पाहून तिनं डोळे मिटून दगडावर अंगठा फिरवला आणि झोळीतलं ज्वारीचं पीठ त्यावर चोळलं. ‘इथे विसावला आहे’, मला ओळ लागली! अक्षरं पांढरीशुभ्र उठली आणि मी कबरीभोवती नाचलो.

ती मात्र ओळीच्या शेवटी दाटीवाटीनं कोंबलेली अक्षरं पाहून खदखदून हसत होती. “भाऊ, याले जागाच पुरली नाई! अन् घाव पाहा, डाव्या हाताचे. माह्यावानीच डावखुरा व्हता हा!”

एवढ्या दिवसांत कोरणाऱ्याचा विचार मला शिवलाही नव्हता. निघताना तिनं त्या दगडाला डाव्या हातानं टाळी दिली.