मारोतरावाचा माल

बुधवार हा सुताचा वार. तांडापेठेतले कोष्टी त्या दिवशी विणलेली लुगडी खांद्यावर टाकून इतवारी पेठेत ईश्वरदास शेठच्या पेढीवर जायचे आणि येताना पुढच्या मालाचं सूत घेऊन यायचे. भागीरथाबाई मात्र किती बुधवार झाले, रिकाम्या हातांनी जात होती आणि तशीच परत येत होती.

"ये वं माय, बैस," शेठ म्हणायचा. माणूस जिभेचा गोड. तिला पाणी द्यायला लावायचा, तब्येत विचारायचा. अनामतीचं नाव काढलं की मात्र गादीवरची सुरकुती तळहातानं सारखी करत बसायचा.

ही अनामत काही एकट्या तिच्या घरची नव्हती. शेठ अनामत ठेवल्याशिवाय कोणाला उधारीनं सूत देत नसे, आणि एकट्याच्यानं तेवढी जमत नव्हती. म्हणून तिचा नवरा मारोतराव आणि शेजारच्या गल्लीतला रुपराव, या दोघांनी भागी केली. रुपरावानं दुभती गाय विकली. भागीरथाबाईनं उमरेडहून, माहेरून आणलेले चांदीचे गोट मनगटांतून उतरवून दिले. त्यावर दोन घरचे दोन माग चालले. मारोतराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा, ही बाजूला बसून सुताच्या कांड्या भरायची. तो तापानं पडला की दार लोटून तीच खड्ड्यात उतरायची. बाईनं मागावर बसू नये म्हणतात, म्हणून दार लोटायचं, एवढंच.

पावसाळा सरता सरता मारोतराव छातीच्या दुखण्यानं गेला. मागावर लुगडं अर्धं होतं.

कोष्ट्यांच्या घरी मेलेल्या माणसाचा ताणा, मागावरचे उभे धागे, कोणी कापत नाही. तेरवीच्या आत सोबत्यानं त्याच्या मागावर बसायचं आणि कापड पुरं करायचं. रुपराव आला, खड्ड्यात उतरला. लुगडं उतरलं तेव्हा भागीरथाबाईनं ते मांडीवर घेऊन घडी घातली. मारोतरावाचा हात घट्ट, रुपरावाचा जरा सैल. एक हात संपून दुसरा कुठं सुरू झाला, ते तिच्या बोटांना कळलं. तिथंच ती थोडा वेळ थांबली.

"वैनी, हे तुमच्यापाशीच ठेवता का?" रुपरावानं विचारलं.

"नाही भाऊजी. पेढीवर न्या. अन् ह्यांच्या नावानंच टाका."

तिला वाटलं, नवऱ्याचं शेवटचं काम त्याच्याच नावानं लागावं. तेरवी झाल्यावरच्या बुधवारी रुपरावानं तसंच केलं. शेठनं नेमकं तेच धरून ठेवलं.

"बाई, मी नाही कुठं म्हणून राहिलो?" तो प्रत्येक बुधवारी म्हणायचा. "पण मारोतरावाचा माल तेरवीनंतर आला ना पेढीवर? म्हणजे भागी चालू आहे. चालू भागीची अनामत कशी देऊ? रुपरावाले आण, भागी मोडली म्हणू दे, मग पाहू."

आणि रुपराव येत नव्हता. एका बुधवारी त्याच्या नातलगाकडे कोणी वारलं, एका बुधवारी पाय मुरगळला. शेवटी भागीरथाबाईच त्याच्या ओसरीवर जाऊन बसली. त्याच्या बायकोनं, गोपिकेनं, चहा पुढं ठेवला आणि मान फिरवली.

"काहून टाळून राहिले भाऊजी मले?"

रुपराव हातातल्या मागाच्या धोट्याचं टोक अंगठ्यानं घासू लागला.

"वैनी, तुमचं खावं असं मनात नाही. गायीची आण. पण अनामत निघाली का मले सूत कोण देईन? माझा एकट्याचा वाटा शेठ पुरा धरत नाही. तुमचा माग बंद पडलाच आहे. माझाही पडीन."

तिला राग यायला हवा होता. पण या माणसानं तिच्या घरच्या खड्ड्यात बसून तिच्या नवऱ्याचं कापड पुरं केलं होतं, आणि आता त्याच्या डोळ्यांत नुसती भीती होती. चहा निवून गेला. "तुझी पोरगी बरी आहे ना?" एवढं गोपिकेला विचारून ती उठली.

घरी येऊन ती मागापाशी बसली. मागाच्या फणीत जुन्या ताण्याची टोकं तशीच लोंबत होती. तिला पैसे हवे होते ते यासाठीच. रोख सूत घ्यावं, या टोकांना नवा ताणा सांधावा आणि दार न लोटता बसावं. लोकांच्या कांड्या भरून एक वेळचं भागत होतं, दुसऱ्या वेळेला पाणी होतंच. पैसे नाहीत तर सूत नाही, सूत नाही तर माग नाही. मागाच्या लाकडाला गिऱ्हाईकही येऊन गेलं होतं, जळणाच्या भावानं.

पुढच्या बुधवारी ती पेढीवर गेली तेव्हा भांडायचं बळही अंगात नव्हतं. कोष्टी गठ्ठे घेऊन रांगेनं बसले होते. शेठनं तेच सांगितलं.

"भागी चालू आहे माय, मी काय करू?"

"चालू आहे?" तिनं थकलेल्या आवाजात विचारलं. "खरंच चालू आहे?"

"अवं, चारचौघांसमोर सांगून राहिलो ना."

"मग माझ्या घरचं सूत द्या."

शेठचा हात गादीवर थांबला. म्हातारे भैयाजी कोष्टी गठ्ठ्यावर टेकले होते, ते खो खो हसले. "बाई बरोबर बोल्ली, शेठ! भागी चालू तं सूत चालू. का अनामत तेवढी जिती अन् सूत मेलं?"

"अन् विणीन कोण?" शेठ तडकला. "मारोतराव येईन का वरून?"

"मी विणीन."

"बाईमाणूस! मालात खोट निघाली तं?"

"अनामत आहे ना तुमच्यापाशी," भागीरथाबाई म्हणाली.

चारचौघांसमोर बोललेलं मागं घेता येईना; शेठनं मुनीमाला सूत तोलायला सांगितलं. रुपराव रांगेच्या शेवटी बसला होता. तो उठला, तिच्या वाट्याचं सूत तोलून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. गठ्ठा त्यानं तिच्या मागापाशी आणून उतरवला. दिवसभर बसून त्यानं जुन्या टोकांना नवा ताणा सांधून दिला.

पुढं कितीतरी वर्षं ती विणत राहिली. दारात येऊन बायका टोमणे मारायच्या, मग तेही सरलं. गुडघे धरायचे, खड्ड्यातून वर यायला भिंतीचा आधार लागायचा. गोट काही परत मनगटांत आले नाहीत. पेढीवर नाव तेच राहिलं. बुधवारी मुनीम हाक मारी, "मारोतराव!" आणि डोईवरचा पदर सावरत ती उठे.

"शेठ, अनामतीचं काय करता?" कधीमधी ती विचारायची.

"भागी चालू आहे ना वं माय."

"आहे," ती म्हणायची, आणि सुताचा गठ्ठा काखोटीला मारून पायऱ्या उतरायची.