रंगारीकाकांची फिर्याद

माझ्या ऑफिससमोर रंगारीकाकांचं दुकान आहे. विटलेले कपडे पुन्हा रंगवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. गावातल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट त्यांच्याच पातेल्यात उकळून पुन्हा काळे होतात, माझाही. वकिलांशी अशी जन्माची ओळख, पण काका स्वतः कोर्टाची पायरी कधी चढलेले नव्हते.

काकू गेल्या आणि माणूस मिटला. मूलबाळ नाही. गिऱ्हाइकाशी बोलायचे ते कामापुरतं, 'परवा न्या' एवढंच. दुकान बंद करून वरच्या खोलीत गेले, की दुसऱ्या दिवशी शटर वर जाईपर्यंत त्यांच्याशी बोलायला चिटपाखरू नसायचं.

एकदा कोट द्यायला आले आणि खुर्चीत बसूनच राहिले.

"ताई, फसवणुकीची केस घालता येते का?"

"कोणी फसवलं तुम्हाला?"

"पोपटवाल्यानं."

मला हसू आवरेना. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि आवरलं.

प्रकरण असं होतं. बाजाराच्या मागच्या बोळात एक जण चोरून पक्षी विकतो. मोठ्या जातीचा, खांद्यावर लाल डाग असलेला पोपट त्याच्याकडे मिळतो. तो पकडायला, विकायला, पाळायला, सगळ्यालाच बंदी. पण अगदी माणसासारखा बोलतो म्हणे. काकांनी तो कापडाखाली झाकून घरी आणला. दुसऱ्या दिवशी पोपटाने वाटीत अंघोळ केली आणि पाणी लाल झालं. पक्षी साधाच, डाग रंगवलेला.

"काका, जन्म रंगात गेला तुमचा! कच्चा रंग ओळखता आला नाही?"

"ओळखला की. कडेनं फुटला होता, हिरव्यात उतरला होता. बोट लावून बघणार, तेवढ्यात तो 'आलात का? हातपाय धुऊन घ्या' म्हणाला. मग नाही लावलं बोट."

बोलली होती ती पडद्याआडची विक्रेत्याची बायको. घरी आल्यावर पोपट नुसता कर्कश ओरडायचा, तोही काका खोलीत शिरले की.

मी त्यांना समजावलं. बेकायदा सौद्यातले पैसे कोर्ट परत मिळवून देत नाही. दोघांचेही हात बरबटलेले असले, की कोर्ट आपले हात झटकतं. फसवणुकीची फिर्याद मात्र देता येते, तो गुन्हा आहेच. "पण फिर्यादीत पहिलंच वाक्य काय लिहिणार? मी बंदी असलेला पक्षी विकत घेतला. म्हणजे फिर्यादीही तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच. दंड होईल. पोपट जप्त होईल, कारण साधा पोपटही पिंजऱ्यात ठेवता येत नाही. त्यापेक्षा तो वनखात्याला देऊन टाका आणि गप्प बसा."

"गप्पच बसलोय की," काका म्हणाले. "ती गेल्यापासून."

गेले मी त्यांच्याबरोबर ठाण्यात.

हवालदाराने वहीत मान घालून विचारलं, नाव, वय, धंदा, घरात आणखी कोण, पक्षी कशासाठी घेतला. काकांना वाचा फुटली. काकू आजारी कधी पडल्या, काकांचे हात बघून आज पातेल्यात कुठला रंग होता ते कशा ओळखायच्या, जिन्यावर पाऊल वाजलं की आतूनच कशा हाक मारायच्या, सगळं सांगितलं. "मुद्द्यावर या हो काका," हवालदार कावून म्हणत होता, पण ऐकत होता. मी मात्र दातओठ खात होते. प्रत्येक वाक्याबरोबर हा गृहस्थ आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता.

वनखात्याची माणसं पोपट न्यायला आली तेव्हा काकांनी पिंजरा पुसून ठेवला होता. पोपटाने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. गल्लीत मात्र महिनाभर चंगळ. रंगाऱ्याला रंगाने गंडवलं, काकांचाच पोपट झाला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी.

मग तारखा सुरू झाल्या. माझे बाकीचे पक्षकार तारखांच्या नावाने बोटं मोडतात. काका मात्र इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टाचं दार उघडायच्या आत हजर. दुकानाला पाटी, 'आज तारीख आहे'. बाहेरच्या बाकावर जागेच्या भांडणातल्या एका आजीबाईंशी ओळख झाली, पट्टेवाल्याशी झाली, टायपिस्टशी झाली. न्यायाधीश रजेवर म्हणून तारीख पुढे गेली, की आम्ही कपाळाला हात लावायचो आणि काकांची कळी खुलायची. "आजीबाईंचा पुतण्या वठणीवर आला बरं का," दुसऱ्या दिवशी ते रस्त्यापलीकडून मला ओरडून सांगायचे. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी आपली खटल्याच्याच विवंचनेत.

निकाल चांगला लागला. विक्रेत्याला शिक्षा झाली. काकांना, वय आणि स्वतःहून दिलेली कबुली पाहून, किरकोळ दंड. पैसे गेले ते गेलेच. मी खूश होऊन त्यांचं अभिनंदन केलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते थेट कारकुनाच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, माझी पुढची तारीख?"

कारकून हसला. "आता कसली तारीख? सुटलात काका! आता परत यायचं नाही इकडे."

माणूस चांगलंच बोलला होता. तरी मला त्याचा भयंकर राग आला. काका हात टेबलावर ठेवून तसेच उभे होते. मागचा माणूस "जरा सरका" म्हणाला, तेव्हा सरकले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.