आमच्या गच्चीवर झेंडा लागला तेव्हा

पंधरा ऑगस्टला सगळ्या नाशिकला सुट्टी असायची, फक्त आमच्या घराला नसायची. आमचं घर पंचवटीत, रामकुंडापासून दोन गल्ल्या आत. बाबा तीर्थोपाध्याय. देशभरातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी ते घाटावर करायचे आणि लांबून आलेल्यांची उतरायची सोय आमच्याच घरी असायची. खाली आम्ही, वरच्या मजल्यावर यात्रेकरूंच्या खोल्या, त्यावर गच्ची. पंधरा ऑगस्ट बहुतेक वेळा श्रावणात यायचा. श्रावण आणि वर सरकारी सुट्टी म्हटल्यावर घरात पाय ठेवायला जागा नसायची. जिन्यात ओळीने चपला, गच्चीवर ओळीने ओली धोतरं आणि स्वयंपाकघरात आई पहाटेपासून पुऱ्या लाटत बसलेली.

मी एकटीच काय ती सण साजरा करायला बाहेर पडायची. परीटघडीचा युनिफॉर्म, पांढरे बूट, दोन वेण्यांना पांढऱ्या रिबिनी. शाळेत मी लेझीम पथकात होते. पावसाने मैदानाचा चिखल झालेला असायचा आणि लेझीम संपेपर्यंत बुटांचा रंग कोणता होता ते सांगता यायचं नाही. मैत्रिणींचे आईवडील कुंपणाबाहेर छत्र्या धरून उभे असायचे. माझं कोणी नसायचं. त्याचं मला वाईट वाटायचं, पण बुंदीचं पाकीट हातात पडेपर्यंतच.

एका वर्षी, मी सहावी-सातवीत असेन, शाळा सुटल्यावर मी घरी न जाता तशीच बुंदीचं पाकीट घेऊन घाटावर गेले. बाबा एका यजमानाला समोर बसवून संकल्प सांगत होते. संकल्पात देशाचं नाव येतं, नदीचं येतं, कुठल्या तीरावर बसलो आहोत तेही येतं. यजमानाने ओंजळीत पाणी धरलं होतं. तेवढ्यात नदीपलीकडच्या कुठल्याशा शाळेच्या लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं. बाबा अर्ध्या वाक्यात थांबले आणि उभे राहिले. सोवळं नेसलेले, उघडे, हात शरीराला चिकटवून सरळ. यजमान गोंधळला, मग तोही ओंजळ तशीच धरून उठला. आजूबाजूचे आणखी काही जण उठले. यजमानाच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं. राष्ट्रगीत संपल्यावर बाबा खाली बसले आणि अगदी सहज म्हणाले, "आता पुन्हा पाणी घ्या."

परत येताना मी त्यांना विचारलं, "तुम्ही शाळेत झेंडावंदनाला जायचात का?"

"मुंज होईपर्यंत गेलो," ते म्हणाले. "पुढे सुट्टी म्हटली की तुझे आजोबा घाटावर न्यायचे. ऐकू यायचं सगळं, दिसायचं नाही."

ते तक्रारीच्या सुरात बोलले नव्हते. पण ते माझ्या लक्षात राहिलं.

मग दोन हजार दोन साल आलं. मी तोवर कॉलेज संपवून सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. त्या वर्षी नियम बदलला. आता कोणालाही आपल्या घरावर वर्षभरात कधीही राष्ट्रध्वज लावता येणार होता. बाबांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि आई चहा घेऊन आली तेव्हा तिला मोठ्याने वाचून दाखवली.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय, या पंधरा ऑगस्टला आपल्या गच्चीवर झेंडा लावायचा."

"लावा की. पण त्या दिवशी तुम्ही घरात असता कधी?"

"या वर्षी असेन. आठच्या आत घाटावरचं कोणतंही काम घेणार नाही."

आईने कप उचलले. तिचा विश्वास बसलेला नव्हता.

ऑगस्ट लागला तसे बाबा तयारीला लागले. स्वतः मेनरोडवर जाऊन खादीचा झेंडा आणला. तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि घरात सगळ्यांना हात धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं. सूर्योदयानंतर लावायचा, सूर्यास्ताच्या आत उतरवायचा, केशरी वर, जमिनीला टेकवायचा नाही, हे सगळं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की वर उतरलेल्या यात्रेकरूंनाही ते पाठ झालं. काठीचा प्रश्न होता. गुढीची काठी होती, पण बाबा अडून बसले. देवकार्याची काठी दुसऱ्या कामाला वापरायची नाही.

आई म्हणाली, "अहो, तुम्हीच तर झेंडा देवाशेजारी नेऊन ठेवलाय. मग काठीच कशी वेगळी लागते?"

बाबांनी गुढीचीच काठी काढली. काठी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपाला तारेने बांधली गेली आणि तिच्या टोकाला एक छोटी कप्पी बसली. झेंड्यात फुलं घालून त्याची घडी कशी घालायची, ओढल्यावर सुटेल पण आधी सुटणार नाही अशी गाठ कशी मारायची, हे मी आमच्या शाळेच्या पीटीच्या बाईंना फोन करून विचारलं. चौदाच्या संध्याकाळी गच्चीवर मी टॉवेल घेऊन सराव केला. सौराष्ट्रातून आलेलं एक कुटुंब वर उतरलं होतं. त्यांची चिमुरडी मुलगी टॉवेल उलगडला की प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होती.

पंधराला सकाळी पाऊस थांबलेला होता. बाबा पहाटेच स्नानसंध्या उरकून पांढराशुभ्र झब्बा घालून बसले होते. त्यांना झब्ब्यात बघायची आम्हाला सवय नव्हती. गच्ची झाडून झाली, मी रांगोळी काढली, यात्रेकरू एकेक करत वर यायला लागले. सौराष्ट्राचं कुटुंब होतं, राजस्थानातले दोन भाऊ आणि त्यांच्या बायका होत्या, आणि आंध्रातून आलेल्या एक आजी होत्या. आजींबरोबर त्यांचा नातू आलेला होता, पण तो आदल्या दिवशीच त्र्यंबकला गेला होता आणि आजींना तेलुगूखेरीज एक शब्द येत नव्हता. त्या खुर्चीवर बसून सगळं शांतपणे बघत होत्या.

इतक्यात खालून दार वाजलं.

दारात तीन माणसं उभी होती. मोठ्याच्या छातीशी पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश होता. चांदवडकडचे शेतकरी, सख्खे भाऊ. त्यांची आई गेली होती.

मोठा म्हणाला, "गुरुजी, न सांगता आलो, माफ करा. धाकटा मिलट्रीत हाय, त्याला आज रात्रीच्या गाडीनं जायचंय. उद्यावर नाय टाकता येत."

बाबा क्षणभर जिन्याकडे बघत राहिले. मग आत गेले, झब्बा काढला, सोवळं नेसले आणि बाहेर आले. मी म्हटलं, "बाबा, आपण दुपारी लावू."

"नाही, वेळेवर लावा. वरची माणसं ताटकळलीत." आणि आईकडे बघून म्हणाले, "तू लाव."

आई कणीक मळत होती. तिने मान वर केली. "मी?"

"मग कोण," बाबा म्हणाले आणि त्या तिघांना घेऊन घाटाकडे गेले.

आई वर यायला तयार नव्हती. तूच लाव म्हणाली. पुऱ्यांचं तेल तापत ठेवलंय म्हणाली. मी गॅस बंद केला आणि तिला जवळजवळ ओढतच जिना चढवला. गच्चीवर सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले तशी ती आणखीच अवघडली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ.

सौराष्ट्राचे काका दोरी तिच्यापुढे धरून म्हणाले, "बेन, तमेज फरकावो."

"हात पिठाचे आहेत हो," आई मराठीतच म्हणाली.

ते कोणाला किती कळलं माहीत नाही, पण आंध्राच्या आजी खुर्चीवरून उठल्या. टाकीशेजारच्या बादलीतून तांब्या भरून घेतला आणि आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. आईने नकळत हात पुढे केले. आजींनी तिच्या हातांवर पाणी घातलं, आणि आई हात कशाला पुसावे म्हणून इकडेतिकडे बघते तोच आपल्या पदराचं टोक पुढे केलं.

मग आईने दोरी ओढली. गाठ पहिल्याच झटक्यात सुटली, हे मी आजही अभिमानाने सांगते. झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या आईच्या डोक्यावर पडल्या, वारा होताच, झेंडा फडकला आणि सगळे तसेच गप्प उभे राहिले. कारण राष्ट्रगीत सुरू कोणी करायचं ते ठरलंच नव्हतं. मी सगळं ठरवलं होतं आणि हे विसरले होते. राजस्थानचे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले.

आणि आईने सुरुवात केली.

मी आईला आरती म्हणताना ऐकलं होतं, तेही सगळ्यांच्या आवाजात मिसळून. असा तिचा मोकळा, एकटा आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्वच्छ आणि ठाम. सगळ्यांना झेपेल अशा पट्टीत तिने पहिली ओळ उचलली आणि बाकीचे तिच्यात मिळाले. प्रत्येकाचे उच्चार वेगळे. राजस्थानच्या बायका डोक्यावरचा पदर धरून बारीक आवाजात म्हणत होत्या. गुजरातचं नाव आलं तेव्हा त्या चिमुरडीने स्वतःच्या आईचा हात हलवून आपल्या छातीवर बोट ठेवलं. सगळ्यात खणखणीत आवाज मात्र आंध्राच्या आजींचा होता. आदल्या रात्री त्यांना ताक हवंय की दूध हे समजायला आम्हाला बराच वेळ लागला होता. आता त्या शाळकरी मुलीसारखे हात ताठ ठेवून, मान वर करून, एकही शब्द न चुकता म्हणत होत्या.

संपल्यावर मी आईला विचारलं, "तू इतकं छान गातेस?"

"निफाडला शाळेत मीच सुरुवात करून द्यायचे," ती म्हणाली. "दर वर्षी. बाई म्हणायच्या, पट्टी हिची धरा."

"कधी सांगितलं नाहीस."

"कोणी विचारलं कधी?" आणि केसांतल्या पाकळ्या झटकत ती तेल तापवायला खाली गेली.

बाबा दुपारी त्या तिघा भावांना घेऊनच परतले. विधी झाला होता, आता जेवायचं होतं. बाबा आधी थेट गच्चीवर गेले, मागोमाग ते तिघेही. धाकट्याने झेंड्याकडे बघून सलाम केला. मोठा टोपी काढून हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, आज यांच्या घरात दुःख आणि आमच्या घरात हा थाट, यांना कसं वाटत असेल. पण तोच म्हणाला, "आमची आई गावच्या शाळेत झेंड्याच्या खांबाभवती रांगोळी काढायची. शाळेत कधी गेली नाय ती, पण रांगोळी तिचीच. आज तिथं कोणी काढली असंल काय माहीत."

बाबा म्हणाले, "आज तिला पोचवायला चांगला दिवस निवडलात."

"हो ना," तो म्हणाला. माझ्या रांगोळीकडे बघून पुढे म्हणाला, "ही बी चांगली हाय. पण ती मोर काढायची."

त्या दिवशीची पंगत मला आठवते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, खीर. चांदवडचे भाऊ आणि सौराष्ट्राचे काका शेजारी बसून कांद्याच्या भावावर बोलत होते, एक मराठीत, दुसरा गुजरातीत. दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. सकाळी आईने राष्ट्रगीत कसं उचललं हे चिमुरडीच्या आईने बाबांना हातवारे करून सांगितलं. बाबा वाढता वाढता थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. आई खिरीच्या पातेल्यात डाव फिरवत राहिली, पण तिला हसू फुटलेलं मी पाहिलं.

संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. बाबा छत्री घेऊन गच्चीवर गेले. "लावायचा तू लावलास," ते आईला म्हणाले, "उतरवायचा मी." आंध्राच्या आजी सोडून सगळे जिन्याच्या दारात दाटीवाटीने उभे राहून बघत होते. बाबांनी हळूहळू दोरी सोडली. झेंडा खाली येताच छत्री टाकून दोन्ही हातांवर घेतला, आणि स्वतः चिंब होऊन आत आले.

आता ओला झेंडा घडी करून कसा ठेवायचा? यात्रेकरूंच्या मोठ्या खोलीत पंख्याखाली दोरी बांधली आणि त्यावर तो सुकत घातला. राजस्थानच्या बायकांनी खोलीत वाळत घातलेल्या आपल्या ओल्या साड्या स्वतःहून जिन्यात नेल्या. बाबा दर थोड्या वेळाने येऊन कडा चाचपून बघत होते.

"वाळेल हो," आई म्हणाली. "तुम्ही आधी अंग पुसा."

बाबांनी अंग पुसलं, कोरडं धोतर नेसलं आणि खुर्ची घेऊन पंख्याखाली येऊन बसले. आईही आली, जमिनीवर पाय पसरून बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बसली होती.

"सकाळी कसं म्हटलंस ते पुन्हा म्हण," बाबा म्हणाले.

"असं कसं म्हणू? मग उभं राहावं लागेल सगळ्यांना."

"मग दुसरं काही म्हण."

आईने निफाडच्या शाळेतलं पावसाचं एक गाणं म्हटलं. कोपऱ्यात बसलेल्या आंध्राच्या आजींनी मांडीवर ठेका धरला.