शिखराचा खांदा

खलात पूड घोटताना कुणी थांबलं की सर मान वर न करता म्हणायचे, "इन्नू स्वल्प." कानडीत, अजून थोडं. ते थोडं कधी संपायचं नाही. आमच्या सोलापूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या खोलीत चहाला गेलेला माणूस खल घोटूनच परत यायचा. आपल्या वेडात दुसऱ्याला ओढणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल.

सरांचं वेड म्हणजे रुथेनियम आणि तांब्याचं एक काळं ऑक्साइड. खूप थंड केलं की त्यातून वीज विनाअडथळा वाहते, आणि तरी ते चुंबकही राहतं. सहसा या दोन गोष्टींचं जमत नाही. "सासू-सून एका चुलीवर, आणि भांडण न्हाय! कसं काय, सांगा की," ते विचारायचे. क्ष-किरणांच्या वर्णपटातून आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी पाहून त्यांना हेच सांगायचं होतं. पन्नाशी उलटल्यावर पीएचडीला बसलेले. नोंदणीची शेवटची मुदतवाढ चालू होती आणि इंदूरच्या मोठ्या यंत्रावर वेळ मिळाला तो एकदाच.

आईच्या पाया पडून, नव्या बुशशर्टात, पूड दाबून भट्टीत भाजलेल्या गोळ्यांची डबी छातीशी धरून ते गेले. परत आल्यावर त्यांनी मला आलेख दाखवला. रुथेनियमच्या शिखराला डावीकडे बारीकसा खांदा होता.

"हे आमचं न्हाय," ते म्हणाले.

पहिली भाजणी नायट्रोजनच्या झोतात करावी लागते. हवा शिरली तर रुथेनियमचं दुसरंच संयुग तयार होतं, आणि ते स्वतःच चुंबक असतं. सिलिंडरच्या मापकाचा काटा अडकला होता, आतला वायू केव्हाच संपला होता. चहात साखर आहे का हेही दोनदा विचारणारा माणूस त्या काट्यावर विसंबला. सून घरचीच होती, पण सासू, म्हणजे ते चुंबक, शेजारची निघाली.

त्यांचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "एवढासा खांदा, वजा करून टाका. कोण बघणार आहे?"

"मी बघितलोय की, सर."

फोन ठेवून ते टेबलावर डोकं टेकून रडले. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. नव्या गोळ्या करता आल्या असत्या, पण यंत्रावर पुन्हा पाळी येईपर्यंत मुदत टळणार होती. ती टळली आणि नोंदणी रद्द झाली. सर तास घेत राहिले, पण बोलेनासे झाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेच नाहीत.

मी अक्कलकोटला त्यांच्या घरी गेलो. आई दारातच बसल्या होत्या.

"कालिजातलं व्हय? या की. तो इंदूरला गेलाय, मशिनवर. या बारीला डाक्टर हूनच येतो म्हनलाय."

इंदूरहून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"फोन लागंना झालाय ओ त्याचा. काम लई असतंय का तितं?"

"असतंय, आई," मी म्हणालो. "आत फोन नेऊ देत नाहीत."